पहिल्या हाकेला ओ

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसभावाच्या, अश्वजितच्या बाबतीत घडलेली. गाव सोनाळा. गेल्या एप्रिलमधला शनिवार, दुपारचे बारा... हो, भर दुपार. भूत रात्रीच निघतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडचा उन्हाळा पाहिलेला नाही.

तसं आमच्या घरात भुताखेताला कोणी भीक घालत नाही. फक्त अन्नपूर्णामावशीची, म्हणजे अश्वजितच्या आईची, एक सवय आहे. पहिल्या हाकेला ती ओ देत नाही. तीन हाका झाल्या की मगच.

"पयली हाक कोनाची बी असू शकते," ती म्हणते.

अश्वजित हसायचा. तो घरूनच एका कंपनीचं काम करतो. लॅपटॉपच्या पोटात दोन आभासी कॉम्प्युटर. एक पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, पाठवणारा, दुसरा घेणारा. घेणाऱ्याच्या दारावर नेटवर्क ड्रायव्हर नावाचा राखणदार. हा गडी पहिल्या पॅकेटला उठतच नसे. चार-दोन जमली की एकदम दार उघडायचा. त्यात वेळ जायचा. तो वेळ सोमवारपर्यंत कमी केला, तर अश्वजितची नोकरी पक्की होणार होती.

त्याने राखणदाराची झोपच मोडली. आता पहिल्या पॅकेटलाच ओ.

"याले मायचीच सवय होती," तो बायकोला म्हणाला. "मोडली म्या."

मंजुश्री हसली आणि मावशीला डोळे दाखवायला शेगावला घेऊन गेली. घरात तो एकटा.

पॅकेट पोचायला आधी नव्वद मायक्रोसेकंद लागायचे. आता तीस. खूश होऊन त्याने पाठवणारा कॉम्प्युटर बंद केला.

आणि घेणाऱ्याकडे एक पॅकेट आलं...

रिकामं. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. वेळ, पंचवीस.

राखणदाराने लगेच ओ दिली.

बाहेरून काही येत असेल, असं म्हणून अश्वजितने वायफाय बंद केलं.

पुन्हा एक... अठरा.

मग दहा.

वेळ कमी होतो तो अंतर कमी झालं की. जे कोणी होतं, ते जवळ येत होतं.

समोर कुलरचं पातं फिरत होतं... पण आवाज नव्हता. निंबावरच्या चिमण्याही गप्प.

चार.

शून्य.

"अश्वजित..."

अंगणातून. मावशीचा आवाज.

"ओ," तो बोलून गेला.

अंगणात कोणीच नव्हतं. फाटकाला आतून कडी. त्याने मावशीला फोन लावला.

"मी काऊन हाक मारू तुले?" मावशी म्हणाली. "मी तं दवाखान्यात बसून राह्यली." मग जरा थांबून, "तू ओ देल्ली काय?"



त्याने तो बदल त्याच दिवशी काढून टाकला. नोकरीचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. कारण आता रोज बाराच्या सुमाराला तो मध्येच "ओ" म्हणतो आणि दाराकडे चालू लागतो. मावशी तेव्हा उंबऱ्यात आडवी बसते आणि त्याला हाका मारते. तीन. आपल्या माणसाची हाक त्याला ओळखू यावी म्हणून.

परवा तिच्याशी फोनवर बोलताना बारा वाजले. "थांब," म्हणून तिने हाका मारल्या. मी मोजत होतो. एक, दोन, तीन... चार.

चौथीला अश्वजितने ओ दिली.

"मावशी, आज चार मारल्या?" मी विचारलं.

"नाही बाप्पा," ती म्हणाली. "म्या तीनच मारल्या."