थोरलीचा आवाज

थोरली त्या सकाळी घरातून निघाली ती रोजच्यासारखीच. गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं, नवऱ्याच्या गोळ्या बशीत काढून ठेवल्या, पर्समध्ये चष्मा, पाण्याची बाटली आणि खडीसाखरेची पुडी टाकली. तिला एका स्टुडिओत जाऊन पुस्तक वाचायचं होतं. मोठ्यानं, माइकसमोर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. हल्ली लोक पुस्तकं कानानं वाचतात, स्वयंपाक करता करता, गाडी चालवता चालवता. काम साधं होतं. घसा शाबूत असला की झालं.

फक्त पुस्तक धाकटीचं होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. तिला वारून अजून वर्षही झालं नव्हतं.

आता हे दोघींचं मुळापासून सांगायला हवं, नाहीतर थोरली तुम्हाला उगाच वाईट वाटायची. ती वाईट नव्हती हो. ती लिहीत होती, एवढंच. लग्नाआधीपासून लिहीत होती. दुपारची भांडीकुंडी आवरली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायची आणि कथा लिहायची. मासिकांना पाठवायची, आणि त्या 'साभार परत' यायच्या. एखादी छापून यायची, कुठेतरी कोपऱ्यात, आणि तीही नावात चूक करून. तरी घरात लेखिका म्हणजे तीच. पाहुणे आले की नवरा म्हणायचा, आमची ही लिहिते बरं का. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. तिला लिहिण्याचं काही नव्हतं, पण ऐकण्याचं वेड होतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची, कपाळाला बाम चोळत, कारण तिचं डोकं कायम दुखायचं, आणि म्हणायची, वहिनी, वाचा ना. थोरलीचा आवाज भरदार, ऐकत राहावा असा. ती वाचायची आणि धाकटी ऐकता ऐकता ओठ हलवायची, थोरलीच्या किंचित आधी, पुढचा शब्द तिला ठाऊकच असल्यासारखी. ऐकून झालं की दर वेळी तेच सांगायची. छान आहे वहिनी, पण ती बाई शेवटी रडायला नको होती. थोरलीच्या कथांतल्या बायका शेवटी रडायच्याच. धाकटीचं हे बोलणं तिला कुसळासारखं टोचून राहायचं.

काही वर्षांनी धाकटीनं स्वतःच एक कथा लिहिली आणि लाजत लाजत थोरलीपुढे ठेवली. थोरलीनं वाचली, ठीक आहे म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. कथा ठीक नव्हती. आपण इतकी वर्षं नक्की काय करत होतो, असं वाटायला लावणारी होती. मग धाकटीचं पुस्तक आलं, दुसरं आलं, पेपरात फोटो आले, मुलाखती आल्या. प्रत्येक मुलाखतीत ती न चुकता सांगायची, मला माझ्या जाऊबाईंनी घडवलं. ते ऐकून तर थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धाकटीनं तिचं काही चोरलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण तिनं काहीच चोरलं नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

मग धाकटी आजारी पडली. अंथरुणात बसून तिनं शेवटची कादंबरी पुरी केली आणि गेली. दिरानं डोळे पुसत सांगितलं, ती म्हणून गेलीय, हे पुस्तक वहिनींच्याच आवाजात व्हावं. थोरली नाहीच म्हणणार होती. पण प्रकाशनाच्या संपादकबाई त्या दिवशी घरी आल्या होत्या, आणि चहा घेता घेता त्या बोलून गेल्या की एवढं वाचन होऊ द्या, मग तुमचा कथासंग्रह आपण काढू. संग्रह! तिच्या नावाचा, तिच्या कथांचा! जन्मभर ज्याची वाट पाहिली ते असं कपबशीशेजारी येऊन बसलं. थोरली हो म्हणाली.

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. आत जायला दोन जाड दारं, एक उघडून आत शिरायचं, ते बंद करायचं, मगच दुसरं उघडायचं. आतली खोली जेमतेम न्हाणीघराएवढी. भिंतींना छतापर्यंत करडा स्पंज लावलेला, खुर्चीपुढे माइक, कागदांसाठी स्टँड आणि स्टँडवर एक लहानसा दिवा. उजेड तेवढ्या कागदांवरच पडायचा, बाकी सगळा अंधार. समोर काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, टक्कल पडलेला, सोशिक माणूस. दार बंद झालं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नसे. आधी आपल्याच गिळण्याचा आवाज यायचा, मग कानातल्या रक्ताचा. आणि मग लक्षात यायचं की आपण आणखी कशाची तरी चाहूल घेतोय.

थोरलीनं वाचायला सुरुवात केली. पहिली काही पानं सरळ गेली. मग एक वाक्य आलं. 'त्या घरात सगळ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या; तिची तेवढी रोज बदलायची.' थोरलीची नजर त्यावर अडखळली. असं वाक्य तिला जन्मात सुचलं नव्हतं. आणि मग तिनं काय केलं, तर वाचलं, 'त्या घरात तिला जागा नव्हती.' सपाट, मिळमिळीत. कुणाला कळणार होतं? तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

भाग संपल्यावर रेकॉर्डिस्टनं तो ऐकवला. हेडफोनमध्ये तिचाच भरदार आवाज आला. '...सगळ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या; तिची तेवढी रोज बदलायची.'

तिला वाटलं, सवयीनं बरोबर वाचलं गेलं असेल. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक वाक्य मोडलं, मग आणखी एक. ऐकवताना सगळी वाक्यं धडधाकट. रेकॉर्डिस्ट मात्र कसलीशी तक्रार करत होता. काचेपलीकडचं बटण दाबून तो म्हणाला, "बाई, तुमचा श्वास दोनदा येतोय. एक वाक्याच्या आधी... आणि त्याच्याही आधी एक."

"दमा आहे का विचारताय?" थोरलीनं हसण्यावारी नेलं.

"नाही... एका माणसाला असे दोन श्वास घेता येत नाहीत, म्हणून विचारलं."

तो काढून टाकतो म्हणाला आणि कामाला लागला. थोरलीनं खडीसाखर तोंडात टाकली.

पुस्तकाच्या मध्यावर दुपारच्या टेबलाचा उतारा होता. त्यात एक नवी सून एका मोठ्या बाईचा आवाज ऐकत बसते आणि मनात म्हणते, हा आवाज आहे तोवर मी या घरात एकटी नाही. थोरलीनं तो घरी वाचला होता आणि पुस्तक मिटून ठेवलं होतं. माया होती त्यात, आणि तीच तिला सहन होत नव्हती. द्वेष असता तर तिनं तो खणखणीत वाचला असता. माइकसमोर मात्र तिनं ते अख्खं पान न वाचताच उलटलं आणि पुढचं वाचू लागली. त्याच क्षणी त्या बंद, कोंदट खोलीत वास आला. बामचा. कपाळावर ताज्या चोळलेल्या बामचा, डोळ्यांना झोंबणारा.

तिनं दिव्याच्या उजेडापलीकडे पाहिलं नाही. पाठ ताठ ठेवून ती वाचत राहिली.

ऐकवताना तो उतारा होता. पूर्ण. आवाज तिचाच, पण त्यात असा ओलावा होता, जो तिनं स्वतःच्या पोरांशी बोलतानाही कधी वापरला नव्हता. रेकॉर्डिस्ट म्हणाला, हा भाग उत्तम झालाय, पुन्हा घ्यायला नको.

ऐकायचं पुस्तक निघालं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. थोरलीला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. सगळे बोलायचे ते त्या टेबलाच्या उताऱ्याबद्दल, काय वाचलंय हो तुम्ही, आम्ही गाडी बाजूला घेऊन ऐकलं. न वाचलेल्या पानाचं कौतुक ऐकताना ती फोनवर हो हो करायची, आणि फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळायची. मेल्यावरही हिचंच कौतुक. आणि तेही माझ्या घशातून.

संपादकबाई मात्र शब्दाला जागल्या. थोरलीच्या कथा त्यांनी घेतल्या आणि म्हणाल्या, छापायच्या आधी तुमच्याच आवाजात ध्वनिमुद्रण करू, लोकांना तो आवाज हवाय. थोरली पुन्हा तळघरात गेली, पण या वेळी नवी साडी नेसून. आता कागदावर तिची अक्षरं होती, कथांत तिची माणसं होती. इथे धाकटीचं काय काम?

पहिल्या कथेचं शेवटचं वाक्य तिनं मन लावून वाचलं. 'आणि ती ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.'

हेडफोनमध्ये तिचाच आवाज म्हणाला, 'आणि तिनं उठून दार लोटलं, पण कडी लावली नाही.'

थोरली म्हणाली, पुन्हा घ्या. पुन्हा वाचलं, 'रडू लागली'. पुन्हा ऐकलं, 'कडी लावली नाही'. तिसऱ्यांदा तेच. तेव्हा मात्र तिचा तोल गेला. माइकला तोंड लावून ती म्हणाली, "हे माझं आहे... धाकटे, हे तरी माझं राहू दे गं."

रेकॉर्डिंगमध्ये ते नव्हतं. तिथे नुसती शांतता होती, दोन वाक्यांमध्ये असते तेवढीच.

ती घरी गेली आणि रात्रभर जागी राहिली. भीती वाटत होतीच, पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी होती. ते वाक्य चांगलं होतं. तिच्या वाक्यापेक्षा चांगलं होतं, आणि हे तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. धाकटीनं सूड घेतला असता तर थोरलीनं तो पदर खोचून झेलला असता. पण ती मदत करत होती.

सगळ्या कथांचं असंच झालं. ऐकून संपादकबाई हरखल्या. म्हणाल्या, कागदावर हे काहीच नव्हतं, तुम्ही तर माइकसमोर बसून कथा नव्यानं रचल्यात की, आता छापायच्या त्या अशाच छापू.

"हे बदल तुमचेच ना?" त्यांनी विचारलं, नुसतं विचारायचं म्हणून.

थोरलीच्या डोळ्यांपुढे पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं आणि त्यावरचं स्वतःचं नाव, चूक न करता छापलेलं.

"माझेच... माझेच आहेत."

"मग आणखी एक कथा द्या. संग्रह जरा लहान पडतोय. आणि लिहून आणू नका, तुम्हाला कागदाची गरजच नाही. नुसत्या या आणि बोला."

नाही म्हणायला तिला पुष्कळ वेळ होता. ती गेली. स्टँडवर कोरे कागद लावले, दिवा सरळ केला. बाहेर रेकॉर्डिस्टशेजारी संपादकबाईही येऊन बसल्या होत्या, खास ऐकायला. लाल बत्ती लागली. थोरलीनं ठरवलं होतं, आज तोंडच उघडायचं नाही. शब्दच गेला नाही तर ही सुधारणार काय? कथा होणार नाही, संग्रह थोडा लहान निघेल, पण निदान एवढी शांतता तरी आपली असेल. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले, ओठ घट्ट मिटले आणि हाताची घडी घालून बसली.

थोडा वेळ गेला. आता ते विचारतील, काय झालं, सुरू करताय ना. कुणी विचारेना. तिनं काचेकडे पाहिलं. रेकॉर्डिस्ट खुर्चीत पुढे सरकला होता. आत येणाऱ्या आवाजाबरोबर हलणारे, त्याच्या पुढ्यातल्या पट्टीवरचे हिरवे दिवे वर खाली नाचत होते. संपादकबाईंनी एक हात छातीशी धरला होता. मध्येच दोघं एकदम हसले, एकमेकांकडे पाहून, आणि लगेच गप्प झाले, पुढचं निसटू नये म्हणून.

थोरलीनं हात तोंडावर नेला. ओठ मिटलेलेच होते. तिनं घाईघाईनं हेडफोन कानाला लावले. काही नाही. स्वतःच्या श्वासाची घरघरसुद्धा नाही. तिनं ते कानांवर दाबून धरले, डोळे मिटले, जीव कानात आणला. एक अक्षर ऐकू येईना.

घाबरायला हवं होतं तिनं. पण आत पेटलं ते तेच जुनं. एवढं काय सांगतेय ती त्यांना? एवढं काय चांगलं आहे त्यात?

ती धडपडत उठून उभी राहिली, तशी बटण दाबल्याचा खट्‌ आवाज झाला आणि संपादकबाईंचा दबलेला, भारावलेला आवाज त्या खोलीत आला.

"बसा बाई... थांबू नका. मग त्या थोरलीचं पुढे काय झालं?"