सहा इंचांखालचा थर

थरवाचक जेमतेम सहा इंच आत गेला आणि अडला. रेवतीनं त्यावर सगळा भार टाकला. तीन फुटांची ही पोलादी सळई मातीत ध्वनिलहरी सोडते आणि परतलेल्या लहरींवरून थर दाखवते. कोणता किती वर्षांत दाबला गेला, तेही. जिंतूरकडे आता मशागतीआधी सगळेच ती लावतात.

आबांना, तिच्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले होते. त्यांची शेवटची तूर ऐन फुलोऱ्यात वाळली होती. पुन्हा तसंच झालं, तर शेत बटईनं देऊन पुण्याला परतायचं, एवढं रेवतीनं ठरवलं होतं. आबांच्या घरात ती एकटीच राहत होती. बोलायला माणूस म्हणजे बांधापलीकडचे लिंबाजीकाका.

"काय म्हणती गं तुझी काठी? माती बोलती का?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलते, काका."

मोबाइलवर सहा इंचांवर काळी रेघ उमटली, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर भुसभुशीत माती, खाली दगडासारखा थर. तुरीचं मूळ तिथं पोचून आडवं वळलं होतं. ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरची गरगर फिरणारी पाती दरवर्षी तेवढ्याच खोलीवर फिरून खालची माती थापत आली होती. यंत्रानं सुचवलं: रोटाव्हेटर बंद, माती कोरडी आहे तोवर सबसॉयलर, म्हणजे कडक थर फोडणारा लांब फाळाचा नांगर, दीड फूट खोल.

थराचं वय: नऊ वर्षं.

रेवती बघत राहिली. नऊ वर्षांपूर्वी आबांचे गुडघे गेले, तेव्हा रोटाव्हेटर तिनंच पाठवला होता.

"काका, आबांना हे कळलं नव्हतं?"

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तिसऱ्या वर्षीच म्हणाला, लिंबाजी, खालून कडक व्हायलंय. मी म्हणलं, मग माझा सबसॉयलर ने की. तर म्हणे, पोरगी दर उन्हाळ्यात फोनवर विचारती, आबा, चालतंय ना? तिनं धाडलेलं यंत्र उभं ठेवलं तर काय सांगू तिला?"

ती विचारायची खरंच. आबा म्हणायचे, "एकदम झकास."

"सबसॉयलर द्याल?"

"द्याल काय? ट्रॅक्टरला जोडूनच ठिवलाय. चल."

ट्रॅक्टर तिनंच चालवला. लांब फाळ खोल उतरला, मागं जमीन तडकत गेली. पहिल्या फेरीच्या टोकाला तिनं ट्रॅक्टर थांबवला. रोटाव्हेटरनंतर तिनं आबांना कानाचं यंत्र पाठवलं होतं, गुडघ्याचे पट्टे, मग तो बोलणारा औषधांचा डबा. प्रत्येकाबद्दल तिनं फोनवर विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर ऐकलं होतं.

त्यातलं काय काय आबा नुसतं तिच्यासाठी सोसत राहिले असतील?