शेवटची मूठ

डोळे उघडेच ठेवा, मुलांनो, आणि माझ्याबरोबर अंधेरीला चला. दुपारचे चार वाजलेत. डोक्यावर मेट्रोचा पूल, खाली रिक्षांचा कलकलाट. एका गॅरेजच्या मागे बुटकी दगडी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे जुनं कब्रस्तान. दहा वर्षांची प्रांजल तिच्या मार्तंडमामाचं बोट धरून आत शिरतेय, असं समजा.

मामाला जुन्या कबरी बघायचा नाद. परगावी गेलं की लोक देवळाचा रस्ता विचारतात, हा स्मशानाचा विचारायचा.

"मूठमाती म्हणजे काय, सांग बघू."

"पुरताना सगळे एकेक मूठ माती टाकतात ती."

"बरोबर. आणि इथे शेवटची मूठ रक्ताच्या माणसाची असते म्हणे. ती पडल्याशिवाय माणूस पुरला असं धरत नाहीत."

कोपऱ्यात चारजण एका उघड्या खड्ड्याभोवती उभे होते. हातात फावडी. शवपेटी नव्हती, रडत कुणी नव्हतं. उंबऱ्यावर नको असलेला पाहुणा आला की बघतात तसे ते मामाकडे बघत होते.

"उशीर केलात," त्यातली बाई म्हणाली.

"आम्ही नुसतं बघायला आलोय, बाई."

"बघायला इथे कोणी येत नाही."

"कोण गेलं?"

प्रांजलने खड्ड्यात डोकावलं. खड्डा रिकामा होता.

पहिल्या माणसाने मूठभर माती टाकली. ती पडल्याचा आवाज झाला नाही. मामा खाकरला.

दुसऱ्याने टाकली. मामाच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तांबडी माती उमटली.

"मामा, शर्ट बघ तुझा."

त्याने झटकली. झटकली तिथेच ती परत आली.

तिसऱ्याने टाकली. मामाच्या पापण्यांवर माती बसली. "चल, निघू या," तो म्हणाला, पण आवाज भिंतीआडून आल्यासारखा. खड्डा अजून तसाच, रिकामा.

बाईने आपली मूठ टाकली. मामा मटकन खाली बसला.

मग ती प्रांजलकडे वळली. "हात पुढे कर."

मोठ्या माणसाने दिलेलं नाकारू नये, असं तुम्हाला शिकवलंय ना? तिलाही शिकवलं होतं. तिने उजवा हात पुढे केला.

माती कोमट होती.

"तू भाची ना त्याची? टाक. खोळंबलोय आम्ही."

मामाच्या ओठांच्या फटीत माती भरली होती.

प्रांजलने मूठ आवळली. डाव्या हाताने मामाचं मनगट धरून त्याला ओढत ती फाटकाबाहेर आली. मागे कुणी धावलं नाही.

रिक्षात तिच्या बोटांतून दोन कण गळले. त्या क्षणी मामाचा श्वास अडकला. तिने मूठ आणखी घट्ट केली, तेव्हा कुठे तो खोकून श्वास घेऊ लागला.

रात्री आईने पानं वाढली. मामा भिंतीला टेकून बसला होता. खिडकीतून सोसायटीचं गेट दिसत होतं. गेटबाहेर चौघे फावड्यांवर हात टेकून उभे होते.

"हात धुतलास का? आणि ती मूठ कसली?" आई म्हणाली. "उजव्या हाताने जेव."

प्रांजलने उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हाताने पहिला घास उचलला.