खपली पडेपर्यंत

वर्षात तिसऱ्यांदा ओठांवर फोड! आई म्हणे उष्णता. सब्जा झाला, गुलकंद झाला, मी पार वैतागले होते. त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ''उष्णता नाही, हर्पीसचा विषाणू आहे. अंगात दबून राहतो, थकलीस की उठतो. ओठ चुरचुरला की लगेच गोळी सुरू कर. आणि खपली पडेपर्यंत उष्टं कोणाला देऊ नकोस.''

अमरावतीहून अकोल्याची एसटी पकडली. तोंडावर स्कार्फ, अंगात त्राण नाही. माझं पडलेलं तिकीट शेजारच्या तरुणानं उचलून दिलं.

''रोजचं अपडाऊन काय? मी पण. धर्मपाल… मास्तर आहो.''

''मी आचल. बँकेत.''

''पाणी देता थोडं?''

मी बाटली झटकन मागे ओढली. त्याचा चेहराच उतरला.

''राहू द्या. नाव सांगतलं अन् बाटली मांगं गेली. माह्या आजोबाले विहिरीवरून असंच हाकलत होते.''

''काहीबाही काय बोलून राहिले तुमी!'' भर गाडीत मी स्कार्फ ओढून काढला. ''हे पाहा! हे लागते दुसऱ्याले, म्हणून नाही देल्लं.''

माझ्या ओठांकडे पाहत तो हळूच म्हणाला, ''लय दुखत असन नं?''

सगळ्यांनी विचारलं होतं, काय खाल्लं. दुखतं का, हे कोणीच नाही. मला रडूच आलं.

मग रोज तो माझी जागा धरून ठेवायचा.

''पडली काय खपली?''

''नाही नं!''

''कावून इतका उशीर करून राहिली ते?''

''तिलेच विचारा!''

तो हसायचा, पण पाणी पुन्हा कधी मागितलं नाही. ते मला फोडांपेक्षा जास्त झोंबायचं.

अकराव्या दिवशी ओठ स्वच्छ झाले. मी दोन घोट प्यायले आणि बाटली त्याच्यापुढे धरली. सवयीनं त्यानं ती उंच धरली.

''वरून नको,'' मी म्हटलं, ''तोंड लावून पे.''

तो थबकला. ''…अन् फोड पुन्हा आले तं?''

''तं थांबजो. आठ-दहा दिवस.''

''थांबीन,'' तो म्हणाला आणि तोंड लावून प्यायला.

घरी सांगायचं होतं, भांडायचं होतं. पण ते उद्या. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मूर्तिजापूरपर्यंत गाढ झोपले.