राईतली भट्टी

पाइप

"विस्तवाजवळ टिकेल असा पाइप द्या."

हार्डवेअरच्या दुकानात मी एकटीच. बाबा माल आणायला गेलेले. समोर एक उंच मुलगा, काखेत ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, तान्ह्या बाळाला धरावं तसा.

"विस्तव कशाला?"

"भट्टी बांधतोय. लोहाराची. घरामागे."

"तुम्ही लोहार?"

"बँकेत असतो." हसला. "आजोबांच्या होडीचा नांगर बघून वाटलं, एक आपणही घडवावा."

मी चकचकीत जीआय पाइप काढला, ओढणीनं पुसला. "हा न्या. गंजत नाही."

"आणि तुम्ही? रोज असता दुकानात?"

"असते. मीही गंजत नाही."

...बोलून गेले. कान तापले.

ऐरण, हवा, वगैरे

मग तो येतच राहिला. नट हवेत, क्लॅम्प हवा. ईश्वर हे नाव तिसऱ्या खेपेला कळलं. ऐरण म्हणून भंगारातला गर्डरचा तुकडा मिळाला. पाइपातून हवा फुंकायला बहिणीचा हेअर ड्रायर पळवला.

"ओरडली नाही?"

"ओल्या केसांनी ऑफिसला गेली. अजून अबोला आहे."

जाताना म्हणाला, "रविवारी सकाळी भट्टी पेटवतोय. राई गावात, देवळामागे. नारळ फोडायला... याल?"

"बघते," मी म्हटलं.

म्हणजे हो. त्याला कळलं नाही बहुतेक. चेहरा पडला.

जस्त

रविवारी ओढणीला पिन लावत होते.

"कुठे, गिरिजा?"

"राईला, बाबा. एक गिऱ्हाईक भट्टी पेटवतंय. आपलाच पाइप लावलाय."

"कुठला?"

"जीआय."

बाबांचा कप ओठांपाशी थांबला. "अगं, त्यावर जस्त असतं! तापलं की पांढरा धूर. छातीत बसतो. माणूस—"

पुढचं मी ऐकलं नाही.

धूर

रिक्षा. बिलावरचा त्याचा नंबर. फोन लागत नाही.

"भैया, जल्दी!"

"उड़ा के ले जाऊं क्या, मॅडम?"

मिठागरं सरकतायत, हळू, किती हळू. मीच दिला. माझ्या हातानं. पुसून.

फोन लागत नाही.

लागत नाही.

देऊळ. गल्ली. घरामागून धूर...

पांढरा.

दारात त्याची आई. "अगो, कोन हाय तू?" उत्तर न देता मी मागे धावले. ड्रममध्ये निखारे. वर वाकलेला तो. खोकतोय—

"ईश्वर, बाजूला हो!"

भट्टीशेजारची पाण्याची बादली उचलली. ओतली.

फट्!

लाल तापलेला ड्रम मधोमध तडकला.

.

वाफ. त्याच्या पापण्यांवर राख.

"पाइप... त्यावर जस्त... विषारी—" मला रडू फुटलं.

"नारळाच्या शेंड्या ओल्या होत्या, त्याचा धूर," तो हळूच म्हणाला. "पाइप भट्टीत न्हाय. भंगारातला काळा लावला."

"मग मी दिलेला?"

त्यानं भिंतीकडे बोट केलं. माझा पाइप तिथे आडवा टांगलेला, चकचकीत. त्याला एकच सांडशी अडकवलेली.

"ओढणीनं पुसून दिलेला तुम्ही..." तो थांबला. "जाळवेना."

मागून त्याची आई म्हणाली, "ड्रम फोडला पोरीनं. नारल तसाच ऱ्हायला!"

बादली अजून माझ्या हातात होती. ती खाली ठेवून त्यानं माझे हात धरले.

"नवा ड्रम शोधावा लागेल," मी म्हटलं.

"लागेल. येशील... बरोबर?"

"बघते."

या वेळी त्याचा चेहरा पडला नाही.