तीन नंबर हॉलमधला पांढरा डाग

हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मी कुणाची समजूत घालायला बसलेले नाही. जे घडलं ते वारासकट, वेळेसकट सांगते.

असल्या गोष्टी रात्रीच्या असतात असं म्हणतात. ही भर दुपारची आहे. मंगळवार, तीन वाजून चाळीस मिनिटं. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करते. पाच हॉल आहेत. मासे, मटार, आइस्क्रीम, सगळं दगडासारखं गोठवून ठेवलेलं. प्रत्येक हॉलच्या छताला अठ्ठेचाळीस सेन्सर, म्हणजे तापमान सांगणाऱ्या छोट्या डब्या. त्यांचे आकडे घेऊन दर दहा मिनिटांनी हॉलचं रंगीत चित्र काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे.

हवामानाच्या बातम्यांत नकाशा दाखवतात ना, तसंच. सारख्या तापमानाच्या जागा रेषेने जोडायच्या आणि रेषांच्या मधे रंग भरायचा. उणे तीसला गडद निळा, मग फिकट होत होत उणे दहापर्यंत. कुठून कुठपर्यंत रंगवायचं, हेसुद्धा मीच ठरवलेलं.

एखाद्या जागेचा आकडाच आला नाही, तर तिथे रंग भरला जात नाही. कोरा पांढरा डाग राहतो.

माझा मोठा भाऊ तिथेच मेकॅनिक होता. माझ्या आधी बारा वर्षांपासून. मला ऑफिसात "मॅडम" म्हणून चिडवायचा. घरी माझ्या खोलीचं दार सताड उघडं असलं, तरी दोनदा ठकठक करायचा आणि विचारायचा, "मॅडम, येऊ का?"

हॉलमध्ये दुरुस्तीला शिरला की दादा पहिल्यांदा डोक्यावरच्या चार-सहा सेन्सरची वायर काढून ठेवायचा. दिव्याच्या आणि अंगाच्या उबेने आकडे बिघडतात म्हणून. जुने मेकॅनिक सगळे तसंच करायचे. त्यामुळे चित्रात पांढरा डाग दिसला की कंट्रोल रूममधले काका समजायचे, आत माणूस आहे, दार लावायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

दादाने मला एकदा जेवताना सांगितलंही होतं.

"मॅडम, तुमच्या चित्रातलं भोक म्हणजे मी, बरं का!"

मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. "हं" म्हटलं आणि विसरले.

मग एक दिवस साहेब म्हणाले, "चित्रात ही भोकं कसली? पाहुण्यांना दाखवायला लाज वाटते. जरा नीट करा."

मी एक ओळ वाढवली. आकडा नसेल तर शेजारच्या आकड्यांची सरासरी घ्यायची आणि ती जागा भरून टाकायची. आमच्या कामात सगळेच असं करतात. चित्र देखणं झालं. साहेबांनी पाठ थोपटली.

त्यानंतरच्या मंगळवारी दादा तीन नंबर हॉलमध्ये शिरला.

काकांनी स्क्रीन पाहिली. सगळीकडे निळंच निळं. तीन चाळीसला त्यांनी दार लावलं आणि थंडी वाढवली. आतून उघडायचा खटका बर्फाने जाम झाला होता.

साडेसहाला दादा सापडला. दाराला टेकून बसलेला.

चौकशीत खटक्यावर सगळं खापर फुटलं. माझ्या त्या ओळीबद्दल कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मला रडू आलं नाही. वहिनी गळ्यात पडून रडत होती, तेव्हा मी तिच्या खांद्यावरून भिंतीवरचं घड्याळ बघत होते. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला... काही वाटतच नव्हतं. भूक नाही, झोप नाही, राग नाही.

दोन आठवड्यांनी कामावर गेले. सगळ्यात आधी ती ओळ पुसली.

पुन्हा मंगळवारच होता. तीन चाळीसचं नवं चित्र आलं...

तीन नंबर हॉलच्या दाराशी पांढरा डाग होता.

मी काकांना फोन केला. "काका, तीनमध्ये कोण शिरलंय?"

"कोणी नाही ताई. सकाळपासून दार बंद आहे."

मी सेन्सर तपासले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस चालू. एकही गप्प नव्हता.

म्हटलं, प्रोग्रॅममध्येच काहीतरी गडबड असेल. अशा वेळी आम्ही खोटे आकडे घालून बघतो. मी मनानेच आकडे रचले, हॉलशी काही संबंध नसलेले. चित्र काढलं...

डाग तिथेच. तेवढाच.

भीती वाटली असं नाही म्हणवत. ती पुसलेली ओळ मी तपासण्यापुरती परत टाकली. आता भोक बुजायलाच हवं.

बुजलं नाही.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. चित्रात पांढरं दोन कारणांनी राहतं. एक, आकडाच नसला तर. दुसरं, आकडा आहे, पण आपण ठरवलेल्या रंगांच्या बाहेरचा आहे. माझे रंग उणे दहाला संपत होते.

म्हणजे तिथे आकडा होता.

सेन्सरच्या मधल्या जागांचे आकडे प्रोग्रॅम आजूबाजूचे बघून स्वतः काढतो. मी त्या डागाभोवतीचे चार सेन्सर पाहिले. चारही उणे बावीसच्या आसपास. मग मधल्या जागेचा आकडा काढला.

अधिक छत्तीस पॉइंट आठ. माणसाच्या अंगाचं असतं तेवढं.

तेवढ्यात फोन वाजला. काकांचा होता.

"ताई... जरा खाली या. दार आतून वाजतंय."

मी गेले. काका दारापासून चार हात लांब उभे होते, भिंतीला चिकटून.

ठक ठक.

मग काही नाही. मशीनची घरघर तेवढी.

ठक ठक.

"उघडा," मी म्हटलं. काका जागचे हलेनात. मीच दार सरकवलं. पांढरी वाफ पायांवर आली. आत खोक्यांच्या रांगा, बर्फ आणि पिवळा दिवा.

कोणी नव्हतं...

आवाज मात्र थांबला. मी वीस मिनिटं दार उघडं ठेवून उभी राहिले. वर येऊन पाहिलं. छत्तीस पॉइंट आठ. डाग उंबऱ्याच्या आतच होता.

तेव्हापासून हे रोज चाललं आहे. रोज तीन चाळीसला दार वाजतं. मी जाते, उघडते, उभी राहते. साहेबांना वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. पण ते चांगले आहेत, वीस मिनिटांकडे कानाडोळा करतात. रविवारी मात्र नाही. रविवारी सगळं बंद असतं, कुलूप असतं. साहेबांना विचारून पाहिलं, तर म्हणाले, "ताई, मी तरी किती सांभाळून घेऊ?"

पहिल्या रविवारनंतर सोमवारी आकडा पाहिला. चौतीस पॉइंट नऊ.

ज्या दिवशी मी दार उघडते, त्या दिवशी आकडा उतरत नाही. रविवारी उतरतो. तेहतीस पॉइंट एक. एकतीस पॉइंट दोन.

परत एकदाही चढला नाही.

असाच उतरत तो उणे दहावर आला, की त्याला रंग लागेल. निळ्यात निळा मिसळून जाईल. मग चित्रात तो दिसणार नाही. कुणालाच.

गेल्या गुरुवारी वहिनीने विचारलं, "रोज दुपारी तुझा फोन लागत नाही. कुठे असतेस?"

मी सांगितलं. सगळं. दादा जेवताना काय म्हणाला होता ते, मी "हं" म्हटलं ते, ती एक ओळ, डाग, आकडा. भाजी निवडत होती ती. मला वाटलं अंगावर येईल, घराबाहेर काढेल. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती निवडतच राहिली. खाली बघूनच म्हणाली,

"तू दार उघडतेस ना रोज?"

"हो."

"मग तो बाहेर का येत नाही?"

मी तिच्या पुढ्यातली भाजी निवडायला घेतली.

शुक्रवारी दार उघडल्यावर मी पहिल्यांदा आत बघून बोलले. "दादा, ये ना. दार उघडं आहे." काका पाठ करून उभे होते. वाफ येत राहिली. वर जाऊन पाहिलं, तर डाग उंबऱ्याच्या आतच. तसूभरही हललेला नाही.

त्या रात्री घरी अंथरुणावर पडले होते. खोलीचं दार उघडंच होतं. मी दाराकडे बघत राहिले. दादा असता तर आधी ठकठक केली असती, विचारलं असतं, आणि मी "ये" म्हटल्यावरच आत आला असता. मी तर "ये" म्हटलं होतं.

की त्याला माझ्याकडून दुसरंच काही ऐकायचं आहे, त्या एका ओळीबद्दल... ते माझ्या तोंडून निघत नाही. रडूच येत नाही, तर ते कुठून येणार?

आज शनिवार. आकडा एकोणतीस पॉइंट चार.

उद्या कुलूप आहे.