शेवटच्या पंगतीतला एकटा

चंद्रावरच्या 'शुक्लपक्ष' वसाहतीत त्या सकाळी सगळ्यांचं डोकं एकदमच दुखायला लागलं. हे काही बरं लक्षण नव्हतं. एरवी तिथल्या माणसांचं कशावरही एकमत होत नसे.

अकरा वर्षांच्या शाल्मलीला स्वतःच्या डोक्याची काळजी नव्हती. काळजी होती ती दीड वर्षाच्या निनादची, तिच्या भावाची. जागा असला की हाताला लागेल ते भिरकावणारा निनाद आज आईच्या खांद्यावर मान टाकून नुसता भराभर श्वास घेत होता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वसाहत म्हणजे बंद डबाच. आपण श्वास सोडला की कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आणि बंद जागेत साचत जातो. तो शोषून घ्यायला हवायंत्रात लिथियम हायड्रॉक्साइड नावाच्या पांढऱ्या खड्यांचे डबे बसवलेले असत. डबे भरपूर होते. पण दिवाळीच्या साफसफाईत सचिव पोतनीसकाकांनी झाडून सगळ्यांची झाकणं उघडून ठेवली. "वर्षभर कोंदट पडलेत. जरा हवा लागू दे!" कडधान्यांना ऊन दाखवतात ना, त्याच प्रेमानं. हवा लागली. खड्यांनी आठवडाभर मन लावून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला आणि आपलं आयुष्याचं काम उरकून टाकलं. नवे डबे घेऊन येणारं यान अजून तीन दिवस लांब होतं.

मोठी माणसं तातडीनं जे करायचं ते करत होती. म्हणजे सभा भरली होती. झाकणं उघडण्याच्या सूचनेला अनुमोदन कुणी दिलं, यावर तासभर चर्चा झाली. पृथ्वीला निरोप पाठवायचं एकमतानं ठरलं, फक्त निरोपाच्या मसुद्यावर मतभेद होते. जो तो तावातावानं बोलत होता आणि त्यामुळे आणखी कार्बन डायऑक्साइड सोडत होता.

शाल्मलीला बसवेना. ती दाराशी गेली, परत आली, निनादच्या पाठीवरून हात फिरवला आणि शेवटी पळतच भांडारघर गाठलं.

तिथे भांडारी होता. वसाहतीचा यंत्रमानव. त्याला सगळं रसायनशास्त्र पाठ होतं आणि पूर्वी तो ते न विचारता सांगत असे, अगदी लोक जेवायला बसले तरी. त्याला वैतागून सभेनं ठराव केला होता : भांडारीनं विचारल्याशिवाय बोलू नये आणि विचारलं तेवढंच बोलावं.

"लिथियम हायड्रॉक्साइड आहे का?" शाल्मलीनं धापा टाकत विचारलं.

"नाही, ताई. सचिवांनीही हेच विचारलं होतं."

"मग त्याच्यासारखं काही?"

"पांढरं? साखर आहे, मीठ आहे, रांगोळी आहे."

"दिसायला नाही रे! वागायला त्याच्यासारखं!"

"प्रश्न अपुरा आहे. लिथियम तसं का वागतं, ते कळलं तर पुरा करता येईल."

"बरं बाबा, का वागतं तसं?"

भांडारीचे डोळे लख्ख उजळले. ठराव झाल्यापासून तो याच प्रश्नाची वाट बघत असावा.

"प्रत्येक मूलद्रव्य (ज्याचं आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही असा पदार्थ) अणूंचं बनलेलं असतं. अणूच्या मधोमध केंद्रक (अणूचा जड गाभा) असतं. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन किती, यावरून अणू कुणाचा ते ठरतं. त्या आकड्याला अणुक्रमांक म्हणतात. तीन प्रोटॉन म्हणजे लिथियम. चौथा आला की ते लिथियम उरत नाही."

"लवकर!" शाल्मली एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

"केंद्रकाभोवती तितकेच इलेक्ट्रॉन. ते पंगतींत बसतात असं समजा. खरे पाटावर बसत नाहीत, ही समजुतीची सोय. पहिल्या पंगतीत दोनच पानं. ती भरली की दुसरी पंगत, तिच्यात आठ. लिथियमचे इलेक्ट्रॉन तीन."

"म्हणजे दोघं पहिल्या पंगतीत, आणि एक..." ती थांबली. "एक दुसरीत एकटाच?"

"एकटाच. केंद्रकापासून लांब, मध्ये दोघांचा आडोसा. कुणी बोलावलं की उठून जातो. अणूचे बाहेरच्यांशी सगळे व्यवहार शेवटच्या पंगतीतले इलेक्ट्रॉन करतात. लिथियमचा स्वभाव म्हणजे या एकट्याचा स्वभाव. हायड्रॉक्साइड म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी; ती या एकट्याला घेऊन लिथियमशी जुळते आणि मग कार्बन डायऑक्साइड धरते."

शाल्मली नाचायची थांबली. "मग ज्याच्या शेवटच्या पंगतीत एकच आहे, असा दुसरा अणू हवा. शेजारचा, चार नंबरवाला चालेल?"

"ते बेरिलियम. शेजारी म्हणजे नातेवाईक नव्हे, ताई. त्याच्या शेवटच्या पंगतीत दोघं. स्वभाव वेगळा, शिवाय विषारी."

"नातेवाईक कुठे सापडतील मग?"

भांडारीनं भिंतीवर एक तक्ता पाडला, चौकोनच चौकोन. "ही आवर्तसारणी. मूलद्रव्यं अणुक्रमांकानं ओळीत मांडायची. नवी पंगत सुरू झाली की नवी ओळ. मग शेवटच्या पंगतीत सारखी संख्या असलेले एकाखाली एक येतात. उभा रकाना म्हणजे एक घराणं."

शाल्मलीनं लिथियमवर बोट ठेवलं. वर हायड्रोजन होता.

"त्याचाही एकटाच आहे," भांडारी म्हणाला, "पण तो वायू. या रकान्यात राहतो, घराण्यातला नाही."

बोट खाली सरकलं. अकरा. सोडियम. "पहिल्या पंगतीत दोन, दुसरीत आठ, झाले दहा... आणि तिसरीत एकटा! भांडारी, सोडियम हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइड शोषेल?"

"शोषेल."

"आहे आपल्याकडे?"

"दोन पिंपं. तुंबलेले नळ साफ करायचा कॉस्टिक सोडा म्हणजे तेच."

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस!"

"विचारलं नव्हतं."

ती पिंपाकडे झेपावली. भांडारीचा लोखंडी हात आडवा आला. "हात नको. कातडी भाजते. हे मी करेन, पण हवायंत्राला हात लावायला सचिवांची परवानगी लागते."

शाल्मली धावत सभेत घुसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

"बाळ, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही," पोतनीसकाका कपाळ चोळत म्हणाले.

आई उठून उभी राहिली. "अहो पोतनीस, विषय माझ्या खांद्यावर आहे. बघा त्याच्याकडे."

काकांनी पाहिलं. निनादचे ओठ कोरडे पडले होते. काकांचा आवाज उतरला. "पण सोडियम म्हणजे काही लिथियम नव्हे गं. आणखी एक चूक माझ्या हातून..."

"दोघांच्या शेवटच्या पंगतीत एकेकटाच आहे, काका. दोघांचा स्वभाव तोच. फक्त सोडियमचा अणू जड, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त वजन लागतं. यानातून हलकं लिथियम पाठवतात ते त्यासाठी. आपल्याकडे तर पिंपं आहेत!" वजनाचं तिनं तक्त्यावरच्या आकड्यांवरून स्वतःच ताडलं होतं.

काकांनी ठराव मांडला नाही. अनुमोदनही मागितलं नाही. नुसतं म्हणाले, "चला."

भांडारीनं कॉस्टिक सोडा थोडाथोडा पाण्यात सोडला. पाणी आपोआप तापलं, वाफाळलं. मग हवायंत्राची नळी त्या द्रावणात बुडवली. वसाहतीची हवा बुडबुड करत त्यातून जाऊ लागली. शाल्मली यंत्रावरच्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याला डोळे लावून उभी. बराच वेळ तो ढिम्म. मग एका घरानं उतरला. मग आणखी एका. संध्याकाळी निनाद दूध हवं म्हणून इतका मोठ्यानं रडला की आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आता द्रावणात काय उरणार?" काकांनी भांडारीला विचारलं. विचारायची सवय लागत होती.

"धुण्याचा सोडा. सोडियम कार्बोनेट."

"म्हणजे आपल्या श्वासावर कपडे धुवायचे?"

"होय."

काकांना हे फार आवडलं.

शाल्मली मात्र पुन्हा तक्त्यापुढे अस्वस्थ उभी होती. सोडियमखाली पोटॅशियम, मग रुबिडियम, सीझियम, फ्रान्शियम. त्याखाली काहीच नाही.

"इथे पुढे कोण येणार?"

"एकशे एकोणिसावं. अजून कुणी बनवू शकलेलं नाही."

"त्याच्याही शेवटच्या पंगतीत एकटाच असेल ना? मग वागेल घराण्यासारखंच?"

भांडारीनं तक्त्याखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "तसा अंदाज आहे. पण इतक्या जड अणूत पंगतीचे नियम बिघडतात. नक्की मला माहीत नाही, ताई."

"तुला माहीत नाही?" शाल्मलीनं खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसली. "मग सांग, बनवायचं कसं?"